उंबरठ्यावर अडलेली गोळी

साकोली तालुक्यातील सानगडी हे गाव जुन्या किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. किल्ला, तलाव, भोवती पसरलेल्या धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगलाची रेघ असे झाडीपट्टीतील एखाद्या मोठ्या गावाचे जे रूप असते, तेच सानगडीचेही आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले तलाव आणि बोड्या हे या भूमीचे खरे वैभव आहे. परंतु याच भूमीत आणखी एक वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. एका पायाला घडीवर घडी पडून तो खांबासारखा जड झालेला, बाजाराच्या कडेला बसून राहणारा वृद्ध या पट्ट्यात कोणालाच अपरिचित नाही. अंडवृद्धीमुळे चारचौघांत वावरणे टाळणारा पुरुष आणि सुजलेला पाय लुगड्याच्या काठाखाली झाकून रोवणीला जाणारी स्त्रीही येथे नवीन नाही. शासनाच्या दप्तरात या व्याधीचे नाव हत्तीरोग आहे. लोक तिला हत्तीपाय म्हणतात आणि बहुधा दैव म्हणून सोडून देतात.

प्रश्न दैवाचा नाही, हेच सांगण्याची वेळ आता आली आहे. हा रोग कशामुळे होतो, कोणत्या डासामुळे पसरतो, कोणत्या औषधाने थांबतो हे सारे विज्ञानाला ठाऊक आहे. औषध फुकट मिते, तेही घरपोच. इतके असूनही रोग निर्मूलनाची मुदत मात्र वारंवार पुढे ढकलावी लागते. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१५ हे वर्ष ठरविले. ते निघून गेले. मग २०१७ आले आणि गेले. जागतिक उद्दिष्ट २०३० चे असताना भारताने त्याआधी तीन वर्षे, म्हणजे २०२७ पर्यंत हे काम पूर्ण करण्याचा निर्धार २०२३ मध्ये जाहीर केला. संकल्प स्तुत्य आहे. मात्र आधीच्या मुदती का हुकल्या याचे प्रामाणिक उत्तर शोधल्याशिवाय नवी मुदत पाळली जाईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

या रोगाची ओळख भारताला आजची नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात श्लीपद या नावाने त्याचे वर्णन आलेले आहे. जेथे जुने पाणी साचून राहते आणि हवेत सदैव गारवा असतो अशा प्रदेशांत हा विकार विशेषत्वाने होतो, असे आयुर्वेदाच्या निदानग्रंथांनी नोंदवून ठेवले आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र नसताना, जंतू ही कल्पनाही नसताना केवळ निरीक्षणाच्या बळावर साचलेले पाणी आणि सुजलेला पाय यांचा संबंध त्या वैद्यांनी जोडला. डासापर्यंत मात्र त्यांची दृष्टी पोहोचली नव्हती. पूर्वजांचा गौरव करताना त्यांनी जे पाहिले ते अभिमानाने सांगावे आणि जे त्यांच्या नजरेपलीकडे राहिले ते पुढच्यांनी शोधले, हेही मोकळेपणाने मान्य करावे. ज्ञानाची परंपरा अशीच वाढते.

पुढचा दुवा जुळला तोही भारतातच. १८७२ मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईस या डॉक्टरांना मानवी रक्तात धाग्यासारखे सूक्ष्म कृमी आढळले. १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी हे कृमी डासाच्या शरीरात जाऊन वाढतात हे दाखविले. एखाद्या रोगाच्या प्रसारात कीटकाचा असा हात असतो, हे वैद्यकाला प्रथमच उमगत होते. याच मॅन्सन यांच्या प्रेरणेने, अल्मोड्यात जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी शोधून काढला. म्हणजे आज गावोगावी डासांविरुद्ध जी मोहीम चालते, तिचा पाया हत्तीरोगाच्या संशोधनाने घातला आहे.

मॅन्सन यांनी आणखी एक विलक्षण गोष्ट पाहिली. हे सूक्ष्म कृमी दिवसा रक्तात जवळजवळ दिसत नाहीत. रात्र चढू लागली की ते शरीराच्या आतील भागांतून वरच्या रक्तप्रवाहात येतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्यांची संख्या सर्वाधिक असते. कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स जातीचा डासही रात्रीच चावतो. परजीवी आणि त्याचा वाहक यांच्या वेळा निसर्गाने अशा जुळवून ठेवल्या आहेत. म्हणूनच हत्तीरोग विभागाचे कर्मचारी रक्ताचे नमुने घेण्यासाठी रात्री आठनंतर दार ठोठावतात. दिवसभर धानाच्या बांधीत राबून आलेल्या माणसाला ही अवेळची भेट त्रासदायक वाटते. परंतु झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत रात्र रात्र नाटक पाहणाऱ्या रसिकांना हे सहज समजेल, की प्रेक्षक मंडपात येतात तेव्हाच पडदा वर जातो. दुपारी रिकाम्या मंडपाकडे पाहून गावात नाटक होत नाही असे कोणी म्हणत नाही.

डास चावताना रक्तातील सूक्ष्म कृमी शोषून घेतो. दहा ते चौदा दिवसांत ते त्याच्या शरीरात वाढून संसर्गक्षम होतात आणि पुढच्या चाव्याच्या वेळी दुसऱ्याच्या त्वचेत शिरतात. तेथून ते लसीकावाहिन्यांत घर करतात. प्रौढ कृमी तेथे अनेक वर्षे जगतो आणि मादी लक्षावधी पिले रक्तात सोडत राहते. लसीकावाहिन्या हळूहळू निकामी होतात. पाय सुजण्यास मात्र कधी कधी दहा-पंधरा वर्षे लागतात. लहानपणी झालेला संसर्ग ऐन उमेदीत, घराची जबाबदारी खांद्यावर आलेली असताना प्रकट होतो.

याच परजीवीची दोन मर्मस्थानेही संशोधनाने दाखवून दिली आहेत. विदर्भात आढळणारी हत्तीरोगाची जात माणसाखेरीज अन्य कोणत्याही प्राण्यात आश्रय घेत नाही. दुसरे असे, की हिवतापाच्या परजीवीप्रमाणे तो डासाच्या शरीरात संख्येने वाढत नाही; जितके शोषले गेले त्याहून अधिक बाहेर पडत नाहीत. त्यामुळे संसर्ग जडण्यास दीर्घकाळ, वारंवार चावे लागतात. याचा अर्थ स्पष्ट आहे. एखाद्या गावातील जवळजवळ सर्व माणसांच्या रक्तातून हे सूक्ष्म कृमी काही वर्षे सलग नाहीसे ठेवले, तर डासांना वाहून नेण्यासाठी काही उरत नाही. डास राहतात, पण हत्तीरोग राहत नाही. पृथ्वीवरून कायमचा हद्दपार करता येण्याजोग्या मोजक्या रोगांत हत्तीरोगाची गणना होते, ती यामुळेच.

रक्तातील कृमी मारणारे औषध कोणाच्या प्रयत्नांतून आले, हे तर प्रत्येक भारतीय घरात सांगितले जायला हवे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधीजींच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन खादीचा अंगरखा घालून शस्त्रक्रियेच्या वर्गात जात. इंग्रज प्राध्यापकाची मर्जी त्यामुळे खपा झाली आणि गुणवत्ता असूनही त्यांना पूर्ण पदवीऐवजी दुय्यम दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात काही काळ शिकवून ते १९२३ मध्ये अमेरिकेस गेले. लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली जे संशोधन झाले, त्यातून १९४७ मध्ये हेट्राझान हे औषध पुढे आले. तेच आजचे डीईसी. १९४८ मध्ये सुब्बाराव परक्या भूमीतच निवर्तले. त्यांच्या मायदेशातील खेड्यापाड्यांच्या व्याधीवरचा उपाय मात्र ते मागे ठेवून गेले. सानगडीच्या एखाद्या घरात आशा कार्यकर्ती जी गोळी पुढे करते, तिच्यामागे अपमान गिळून ज्ञानसाधना करणाऱ्या या भारतीयाचे आयुष्य उभे आहे. ती गोळी नालीत फेकताना एवढे तरी आठवावे.

विदर्भाचाही या संशोधनात वाटा आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सेवाग्रामला स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. भास्कर हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाचे निदान रक्तातील कृमींच्या प्रतिजनांवरून करण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. मध्यरात्री रक्त काढण्याच्या अडचणीवर मार्ग शोधणारे हे संशोधन महानगरात नव्हे, तर रुग्ण जेथे राहतात त्या परिसरात झाले. पुदुच्चेरी येथे १९७५ मध्ये सुरू झालेले कीटकनियंत्रण संशोधन केंद्रही याच प्रश्नाशी झुंजत आले आहे. ज्ञान परदेशातून आयात करावे लागत होते ही सबब या बाबतीत चालणारी नाही.

मग घोडे अडले कोठे? राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. प्रथम भर होता तो डासअळ्या मारण्यावर आणि रुग्ण शोधण्यावर. २००४ पासून बाधित जिल्ह्यांतील सर्व पात्र लोकसंख्येला वर्षातून एकदा डीईसीची मात्रा देण्याची मोहीम सुरू झाली. पुढे तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली. २०१८ च्या अखेरीस आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध मिळवून त्रिऔषधी उपचार काही निवडक जिल्ह्यांत सुरू झाले आणि २०१९ च्या प्रारंभी नागपूर जिल्हा त्यात सामील झाला. तीन औषधांची एकत्रित मात्रा रक्तातील कृमी अधिक काळ दूर ठेवते, त्यामुळे आवश्यक फेऱ्यांची संख्या कमी होते. भंडारा जिल्हा राज्यातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत मोडतो. अशा जिल्ह्यासाठी ही मोठी संधी होती आणि आहे.

परंतु मोहिमेचे सारे गणित एका अटीवर उभे आहे. एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी गोळी प्रत्यक्ष गिळली पाहिजे. वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांत जे अंतर आहे, त्यात या कार्यक्रमाची वर्षानुवर्षे वाया गेली. कागदावर वाटप पूर्ण होते. घरात गोळ्या देवळीत, उशाखाली किंवा उकिरड्यावर जातात. कर्मचाऱ्याने आपल्यासमोर गोळी घ्यायला लावावी असा नियम केला गेला, तो या अनुभवानंतरच. नियम उत्तम आहे. मात्र शेकडो घरे पायी फिरणाऱ्या, मोबदला वेळेवर मिळेल याची शाश्वती नसलेल्या कार्यकर्तीकडून तो शंभर टक्के पाळला जाईल, अशी अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने स्वतःकडेही पाहावे. आकडे फुगविण्यापेक्षा घटलेला आकडा खरा सांगणाऱ्याची पाठ थोपटली गेली, तरच हा रोग जाईल. चुकीच्या आकड्यांवर फेऱ्या थांबविल्या, तर काही वर्षांनी सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी होते तेव्हा त्यांच्या रक्तातील प्रतिजन खरे काय ते सांगून टाकतात.

सामान्य माणसाच्या शंकाही समजून घेतल्या पाहिजेत. त्याला अडाणी म्हणून झिडकारणे सोपे आहे. त्याचे समाधान करणे हे खरे काम आहे. तो म्हणतो, शेजारच्या आजोबांनी गोळ्या घेतल्या तरी पाय उतरला नाही. त्याचे निरीक्षण खरे आहे. निकामी झालेल्या लसीकावाहिन्या ही गोळी पूर्ववत करत नाही. ती आजोबांच्या पायासाठी नसून नातवाचा पाय सुजू नये यासाठी आहे. हे कोणी स्वच्छ सांगितले नाही, तर गोळी फसवी ठरते. तो म्हणतो, गोळी घेतल्यावर मळमळले, डोके दुखले, ताप आला. तेही खरे असते. रक्तातील कृमी मरू लागले की असा त्रास काहींना होतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत तो ओसरतो. ज्याला त्रास झाला, त्याच्या शरीरात कृमी असण्याचाच संभव अधिक आणि गोळीची गरजही त्यालाच अधिक. परंतु हे आधी सांगितले पाहिजे आणि त्रास झाला त्या रात्री कोणीतरी विचारपूस करायला आले पाहिजे. गोळ्या जेवणानंतरच घ्याव्यात. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्या देऊ नयेत. ही साधी पथ्येही घरोघरी नीट पोहोचली, तर निम्मी भीती जाईल.

शिकलेल्या आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांचे वर्तन मात्र इतक्या सहजी समजून घेता येत नाही. गोळी नाकारण्यात गावचा मजूर पुढे असतो, हा समज खरा नाही. फाटकातूनच कर्मचाऱ्याला परत पाठविणारी, "आमच्याकडे कोणाला हत्तीपाय नाही" असे सांगणारी, स्वच्छ परसदार असलेली घरे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अधिक आढळतात. या घरांना हे ठाऊक नसते, की ज्याच्या रक्तात लाखो सूक्ष्म कृमी फिरत असतात, तो बहुधा पूर्णपणे निरोगी दिसत असतो. त्याचा पाय सुजलेला नसतो, त्याला ताप नसतो आणि त्यालाही काही माहीत नसते. शिवाय हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात वाढतो आणि शौचालयाच्या टाकीच्या वायुनलिकेतून रात्री बाहेर पडतो. त्या नलिकेला जाळी नसलेला टुमदार बंगला आणि त्याच्या मागच्या वस्तीतील उघडी नाली यांच्यात डासाच्या दृष्टीने काही फरक नाही. तो भिंत ओलांडताना कोणाचे शिक्षण विचारीत नाही. जे घर गोळी नाकारते, ते आपल्यापुरता निर्णय घेत नसून भिंतीपलीकडच्या बालकाचाही निर्णय घेत असते. समाज एक आहे असे नुसते भाषणात म्हणून भागत नाही. वर्षातून एक दिवस ते गिळूनही दाखवावे लागते.

येथे तलावांविषयीचा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डास वाढले की तलावाला दोष देण्याची आणि तो बुजविण्याचीही भाषा होते. वस्तुतः डासांच्या जाती वेगळ्या आणि त्यांची पाणीही वेगळी. डेंग्यूचा एडिस डास घरातील रांजण, टाकी, टायर यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो. हिवतापाचा अ‍ॅनॉफिलिस झरे, ओढ्यांच्या डबक्यांत आणि पाणी भरलेल्या शेतांत. हत्तीरोगाचा क्युलेक्स मात्र सांडपाण्यात, तुंबलेल्या नालीत आणि शौचकूपाच्या टाकीत. मासे असलेला, काठ साफ असलेला, वाहता-भरता तलाव क्युलेक्सला मानवत नाही. ज्या तलावात गावचे सांडपाणी सोडले जाते आणि पाणवनस्पती माजते, तो मात्र त्याचे घर होतो. कोहळ्यांनी तलाव बांधले ते धानासाठी. त्यांचे गटार त्यांच्या वारसदारांनी केले. पूर्वजांची ठेव जपणे आणि डास रोखणे ही दोन कामे नसून एकच काम आहे.

आणि ते अशक्य नाही. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत मुरविले. नाल्या संपल्या, तसे डासही हटले. त्या जिल्ह्यातील अनेक गावांनी पुढे तोच मार्ग धरला. केरळमधील चेर्थला येथे १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी लोकांना हाताशी धरून तळ्यांतील पाणवनस्पती काढल्या, त्या जागी मत्स्यपालन सुरू केले आणि शाळांतील मुलांना या कामात ओढले. तेथील हत्तीरोगाचा डास वेगळा, त्याचा आश्रयही वेगळा. पण धडा एकच. शास्त्रज्ञ मार्ग दाखवितो, चालावे गावालाच लागते.

ज्यांचे पाय आधीच सुजलेले आहेत, त्यांना या लढाईत विसरून चालणार नाही. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते, हे आजही अनेकांना माहीत नाही आणि माहीत असलेले लाजेपोटी बोलत नाहीत. पाय रोज साबण-पाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, जखमेकडे लक्ष देणे, बसताना पाय उंच ठेवणे आणि सोपे व्यायाम एवढ्या उपायांनी वारंवार येणारा ताप आणि वेदना पुष्कळ कमी होतात. केरळच्या कासरगोड येथील त्वचारोग संस्थेने या शुश्रूषेला आयुर्वेद आणि योगाची जोड देऊन आशादायक काम केले आहे. पण त्याआधी घरच्यांनी त्या पायाची किळस सोडली पाहिजे. ज्या तरुणीचे लग्न या पायापायी मोडते, जो मजूर कामावरून परत पाठविला जातो, त्यांना औषधाइतकीच शेजारच्या पाटावर बसण्याची जागा हवी असते.

श्रीलंका २०१६ मध्ये हत्तीरोगाच्या समस्येतून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. बांगलादेशाला ती मान्यता २०२३ मध्ये मिळाली. या दोन्ही शेजाऱ्यांकडे भारतापेक्षा अधिक पैसा नव्हता, अधिक शास्त्रज्ञ नव्हते आणि औषधही तेच होते. भारताकडे सुश्रुतांपासून सुब्बारावांपर्यंतची परंपरा आहे, सेवाग्राम आणि पुदुच्चेरी आहे, दाराशी येणारी आशा कार्यकर्ती आहे. उणीव आहे ती फक्त शेवटच्या दोन पावलांची, उंबरठ्यापासून ओंजळीपर्यंतच्या अंतराची.

ते अंतर शासन पार करू शकत नाही. गावातील शिक्षक, तरुण मंडळे, भजनी मंडळे, महिला बचतगट आणि समाजकार्यात वावरणारा प्रत्येक कार्यकर्ता यांनी मोहिमेच्या दिवशी आशा कार्यकर्तीच्या सोबत चार घरे फिरावे. पहिली गोळी स्वतः, सर्वांदेखत घ्यावी आणि रात्री ज्याला ताप आला त्याच्या दारी पुन्हा जावे. सानगडीच्या तलावकाठी आज खेळणारे मूल पन्नाशीला पोहोचेल, तेव्हा त्याचे पाय कसे असतील, हे दैव ठरविणार नाही. ते त्याच्या घरातील आणि शेजारच्या बंगल्यातील मोठी माणसे या वर्षी ठरविणार आहेत.